पटाचारा आणि किल्लारी



30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, आपल्या सोलापूरच्या शेजारचे लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) हे जिल्हे हादरले. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या गावांचा ढिगारा झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. असा घाला पडला की म्हणणारे म्हणतात, पूर्वजन्मीचे पाप भोवले. हा विचार आपण दीक्षेबरोबर टाकून दिला आहे. माणसे मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर पडून. भिंत कोसळताना कोणाचा पूर्वजन्म विचारीत नाही.

मग जे वाचले त्यांनी जगावे कसे?

श्रावस्तीच्या पटाचारेची कथा ऐका. वादळी पावसात पती सर्पदंशाने गेला, दोन्ही लेकरे गेली, माहेरचे घर कोसळून आईबाप आणि भाऊ त्याखाली गेले. ती भान हरपून विवस्त्र फिरू लागली. लोकांनी हाकलले. भगवान बुद्धांनी मात्र तिला 'भगिनी' म्हणून हाक मारली. ती भानावर आली, एकाने आपले वस्त्र दिले, त्यानंतर उपदेश झाला. आधी हाक, मग वस्त्र, मग उपदेश. हा क्रम विसरू नका.

पुढे भिक्खुणी झाल्यावर, पाय धुताना ओघळणारे पाणी पाहून तिला अनित्यतेचा बोध झाला. काम रोजचेच होते! मग पुत्रशोकाने पोळलेल्या कितीतरी स्त्रिया तिच्या आधाराला आल्या.

भूकंपग्रस्त भागातही असेच घडले. गावोगावच्या स्त्रिया पुनर्वसनात 'संवाद सहायक' झाल्या. टिकणारे घर कसे बांधावे हे शिकल्या, शेजारणींना शिकविले. 2001 च्या गुजरात भूकंपानंतर त्यांतल्या काही जणी कच्छच्या भगिनींना धीर द्यायला गेल्या.

मानसशास्त्र याला आघातानंतरची वाढ म्हणते. पण वाढ झाली म्हणजे दुःख सरले असे नव्हे. धीर देणारी बाईही रात्री दचकून उठते. आणि ज्याला अजून उभे राहता येत नाही, तो कमी पडला असेही नव्हे.

म्हणून आपल्या वस्तीत कोणावर घाला पडला तर नुसते त्रिसरण-पंचशील म्हणून परत फिरू नका. भाकरी घेऊन जा. गेलेल्याचे नाव त्यांना घेऊ द्या. महिन्याने पुन्हा जा. पाणी, चूल, लेकरांची शाळा यांतले एक काम त्यांच्या हाती सोपवा, एक आपण उचला. झोप आणि अन्न परतलेच नाही, तर अंगारा-गंडा न करता डॉक्टरकडे न्या.

करुणा ती हीच.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.