बाटलीवर मका नसतो तेव्हा

दीपनगर, ता. भुसावळ

चि. बापू,

परवा फोनवर तू विचारलंस, की मक्यावरच्या लष्करी अळीसाठी सरकारने तातडीने मंजूर केलेलं औषध मोठ्या प्रमाणात भरून ठेवू का. कंपनीचा माणूस ‘आता मंजुरी आहे, बिनधास्त विका’ म्हणतो आणि शिरपूर तालुक्यातले शेतकरी रोज दुकानात येऊन विचारतात. दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितो. दुकानाचं हे तुझं पहिलंच खरीप आहे. जी सवय आता लागेल ती पुढे सुटणार नाही.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. तातडीच्या मंजुरीला माझा विरोध नाही. ही अळी मूळची अमेरिका खंडातली. 2016 मध्ये ती आफ्रिकेत पोहोचली, मे 2018 मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर उडू शकतो आणि मादी हजाराच्या वर अंडी घालते. एखाद्या औषधाची नव्या पिकावर नोंदणी करायची तर वेगवेगळ्या ठिकाणच्या, एकाहून अधिक हंगामांच्या चाचण्या लागतात आणि दाण्यात, चाऱ्यात किती अंश उरतो हे तपासावं लागतं. तेवढे दिवस थांबलो असतो तर मका उभा राहिला नसता. म्हणून केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल, स्पिनेटोरम, थायामेथोक्झाम व लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिनचं मिश्रण अशा काही औषधांना मक्यावरच्या या अळीपुरती तदर्थ मंजुरी दिली. ही औषधं देशात नवी नव्हती, इतर पिकांवर आधीपासून चालत होती. निर्णय योग्यच होता.

पण त्या निर्णयाने किती जबाबदारी तुझ्या काउंटरवर आणून ठेवली आहे, ते कंपनीचा माणूस तुला सांगणार नाही. औषध कपाशीसाठी किंवा भातासाठी नोंदलेलं असतं तेव्हा पीक, कीड, मात्रा, पाणी, शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस ठेवायचे, हे सगळं माहितीपत्रकात छापलेलं असतं. मंजुरी घाईने आली की जुन्या साठ्यातल्या बाटलीवर मक्याचं नावच नसतं. शेतकरी ती घरी नेतो, मुलाकडून वाचून घेतो आणि त्याला मक्याची ओळ सापडत नाही. मग दुकानदार काय म्हणाला होता तेवढं तो आठवतो. बापू, अशा वेळी तुझं तोंडी बोलणं हेच त्याचं लेबल. तू ‘एक झाकण टाक’ म्हणालास की तो एक झाकण टाकणार, आणि झाकण प्रत्येक बाटलीचं वेगळं. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 टक्के असेल तर लिटरला 0.4 मिली, म्हणजे पंधरा लिटरच्या साध्या पंपाला 6 मिली. ते झाकणात मोजता येत नाही, मोजमाप द्यावं लागतं. पंप कोणता हेही विचार, कारण पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाची मात्रा निराळी असते. हे सगळं बिलाच्या पाठीवर पेनाने लिहून दे. पक्कं बिल तर द्यायचंच, त्याला कुणाची सवलत नाही.

विकण्याआधी मक्याचा पोंगा बघ. तो आण म्हणून सांग, शेतकरी आनंदाने आणतो. पानावर एका ओळीत भोकं असतील, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओलसर विष्ठा असेल, तर अंगठ्याने पानं उलगड. अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय दिसतो आणि शेपटाकडच्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके. हे दिसलं तर लष्करी अळीच. नाही दिसलं तर दुसरी कुठली तरी, आणि मग ती मंजुरी तिला लागूच नाही. अळी बोटाच्या पेराएवढी लांब झाली असेल तर ती आपल्याच विष्ठेचं बूच करून आत बसलेली असते, वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. शेतकऱ्याचे पैसे जातात, औषध जमिनीत जातं आणि अळी खातच राहते. उगवणीनंतर लवकर, शंभरात पाचेक झाडं पोखरलेली दिसली की आधी पाच टक्के निंबोळी अर्क. पोंगा मोठा झाला आणि नुकसान शंभरातल्या दहा-वीस झाडांपर्यंत गेलं, तर रासायनिक औषध, तेही संध्याकाळी आणि नोझल थेट पोंग्यावर धरून. तुरा निघाल्यावर फवारणी नाहीच. तेव्हा आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठव. दुकानदाराला हे अवघड जातं, पण तुझ्या पहिल्या वर्षी हीच परीक्षा आहे.

मका आपल्याकडे नुसता दाण्यासाठी नसतो. बांधावरून हिरवा कापला आणि गोठ्यात टाकला, असं रोज चालतं. म्हणून शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस चारा कापायचा नाही, हे न विचारताही सांग. दूध घरातली लेकरंही पितात.

आता फवारणाऱ्या माणसाविषयी, 2017 चं सांगतो. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्यावर गेली होती, हवा दमट आणि कोंदट होती, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती, अंगात साधा सदरा आणि तोंडाला काही नाही. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकं साठ दिवसांपुरती बंद केली. मी तेव्हा बंदी नसलेल्या मुक्ताईनगर भागात होतो. तिथून काही कोसांवर मलकापूर, बुलढाणा जिल्हा. पलीकडे मोनोक्रोटोफॉस विकणं गुन्हा, अलीकडे तीच बाटली दुकानात उघड मांडलेली. विष तेच, माणसांचं शरीर तेच. तेव्हापासून एक पक्कं झालं आहे : मंजुरी आणि बंदी दोन्ही कागदावर एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंत असतात, औषधाचा गुण त्या तारखांनी बदलत नाही. साठ दिवस संपले म्हणून ते सौम्य झालं नाही. मंजुरी मिळाली म्हणूनही होणार नाही.

फवारणाऱ्याला चक्कर आली, तोंडाला फेस आला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर दवाखान्यात बाटली सोबत न्यायची, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांग. ऑर्गॅनोफॉस्फरस औषधाच्या विषबाधेवर डॉक्टर अॅट्रोपिन देतात, पण प्रत्येक औषधावर उतारा नसतो आणि मिश्रण केलं असेल तर कशाचा उपचार करायचा हेच कळत नाही. म्हणून दोन औषधं पंपात एकत्र करायला कधी सांगू नकोस. गिऱ्हाईक मागेल, शेजारचा दुकानदार देईल, तरी नाही.

घाईची मंजुरी हा आपल्याच देशातला प्रश्न आहे असंही नाही. युरोपातही आणीबाणीत मंजुरी नसलेलं औषध एकशेवीस दिवसांपर्यंत वापरू देण्याची तरतूद आहे. साखरबीटच्या पिकासाठी तिचा सरसकट आधार घेतला जाऊ लागला, तेव्हा युरोपीय संघाच्या न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये निकाल दिला, की मधमाश्यांच्या भल्यासाठी बंदी घातलेल्या निओनिकोटिनॉइड औषधांची बीजप्रक्रिया आणीबाणीच्या नावाने परत आणता येणार नाही. आपल्याकडे 2020 च्या मे महिन्यात टोळधाड विदर्भात उतरली तेव्हा पहाटे, टोळ झाडांवर बसलेले असताना, कृषी विभागाच्या पथकांनी फवारणी केली. खरी आणीबाणी तशी हाताळायची असते, प्रत्येकाने आपल्या मनाने औषध मारून नव्हे.

आणखी एक. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीला दाद देणं सोडलं, तेव्हा आपल्या खानदेशात कपाशीचं काय झालं ते तू पाहिलंस. तेच तेच हत्यार वर्षानुवर्षं वापरलं की कीड शिकते. लष्करी अळीवरही एकच औषध ओळीने तीनदा विकत राहिलास तर चार वर्षांत तुझ्याकडे विकायला काही उरणार नाही आणि शेतकऱ्याकडे मारायला.

तेव्हा आत्ता माल भरू नकोस. या आठवड्यात धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, मक्यावरच्या लष्करी अळीसाठी आजच्या घडीला कोणत्या औषधांना मंजुरी चालू आहे आणि ती कधी संपते याची यादी आण, मात्रेसकट मराठीत मोठ्या अक्षरात लिहून काउंटरसमोर लाव. यादीत जे आहे तेवढंच विक आणि एका वेळी एका आठवड्याला लागेल एवढंच ठेव. कंपनीच्या माणसाला सांग, नानाकाकाने सांगितलंय.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
नानाकाका