मधला वेळ

निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणून मी ब्राउझरमध्ये एक चेंडू पळवायला घेतला. दर चित्राला चार ठिपके पुढे! पण माझा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, नातवाचा १२०. त्याच्याकडे चेंडू दुप्पट सुटला. "आजोबा, चित्रं नका मोजू. दोन चित्रांमधला वेळ मोजा, त्याला वेगाने गुणा." गुणलं. मग दहा मिनिटं दुसरं पान वाचत बसलो. न दिसणारं चित्र ब्राउझर थांबवून ठेवतो. परतलो, तर दहा मिनिटांची एकच उडी मारून चेंडू भिंतीपार! "फार वेळ गेला तर थोडाच गेला असं धरायचं," इति नातू. हे खोटं नव्हे काय? पण वर्षाने गावी गेलो की आईचे पिकलेले केस न पाहिल्यासारखं करून मी कालचंच बोलणं पुढे चालवायचो. तीही विचारायची, "आज उशीर केलास?"