साक्ष कोणाची?

शाकुंतलातला दुष्यंत कण्वाश्रमात शकुंतलेला प्रथम पाहतो, तेव्हा हिला आपण वरावे की नाही असा प्रश्न त्याला पडतो. कोणाला विचारायला न जाता तो स्वतःच्या अंतःकरणाची साक्ष काढतो आणि निःशंक होतो. आपल्याकडे हा दाखला फार लोकप्रिय आहे. मनाला विचारा, मन खोटे बोलत नाही, असे वडीलधारे सांगत आले आणि आपणही मुलांना तेच सांगतो. पण नाटक तिथे संपत नाही. पाचव्या अंकात तीच शकुंतला दरबारात येऊन उभी राहते आणि त्याच अंतःकरणाला तिची ओळखसुद्धा पटत नाही. दुर्वासांचा शाप होता हे खरे. पण मनाला शाप लागला की तो लागला आहे एवढेही त्या मनाला कळत नाही, ही त्यातली खरी मेख. अखेर साक्ष दिली ती एका अंगठीने. राजाचे मन चुकले आणि माशाच्या पोटातून निघालेल्या मुक्या वस्तूने खरे सांगितले.

हा विचार माझ्या डोक्यात आला तो मात्र संस्कृत वाचून नव्हे, विमानांमुळे. मी अंधेरीला राहते. माझ्या भाच्याला छोटी विमाने उडवण्याचा नाद आहे. धंदा नव्हे, नाद. खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी निदान ४० तास उड्डाण करावे लागते; ते त्याने केले. त्याच्यासारखेच तिघेचौघे रविवारी आमच्या गॅलरीत जमतात आणि चिवड्याचा डबा संपेपर्यंत उठत नाहीत. घड्याळासारख्या जुन्या तबकड्या बऱ्या की सगळे एकत्र दाखवणारे नवे काचेचे पडदे बरे, यावर ते हमरीतुमरीवर येतात. उपग्रहाचे खोटे संकेत सोडून विमानांना भुलवण्याचे जे प्रकार २०२३ पासून गाजत आहेत, त्यांवर ते तासभर बोलू शकतात.

जुहूचा विषय निघाला की मात्र सगळे एक होतात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, रेडिओची मदत नसताना, एका लहानशा पस मॉथ विमानातून आमच्या घरापासून जवळच्या याच जुहूला उतरले. आज तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरे दिसतात. जुहूची दुसरी कीर्तीही ही मुले हसत सांगतात. जुलै १९५३ मध्ये एक ब्रिटिश कॉमेट आणि सप्टेंबर १९७२ मध्ये एक जपानी जेट, अशी दोन मोठी विमाने जवळच्या सांताक्रूझऐवजी चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरली. धावपट्टी डोळ्यांना स्पष्ट दिसत होती. फक्त ती दुसरीच होती!

एकदा भाचा म्हणाला, "मावशी, ढगात शिरल्यावर सगळ्यांत पहिला खोटारडा कोण, सांग पाहू? आपला स्वतःचा कान."

मग त्याने मला जे समजावले ते मी विसरू शकलेले नाही. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. आपण वळू लागलो की द्रव क्षणभर मागे राहतो, म्हणून वळण जाणवते. पण वळण संथ आणि एकसारखे असेल, तर वीसेक सेकंदांत तो द्रव नळीच्या गतीला येऊन मिळतो. मग वळण संपले असे वाटते. विमान एका पंखावर कललेले असते आणि आतला माणूस शपथेवर सांगेल की आपण सरळ चाललो आहोत. पुढचे तर अधिक विलक्षण आहे. त्याने विमान खरोखर सरळ केले, तर आपण उलट बाजूला कलंडलो असे त्याला वाटते आणि तो पुन्हा पहिल्या चुकीकडे वळतो. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, यंत्रांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना बाहेरचे क्षितिज झाकून विमान चालवायला दिले. विसांच्याही हातून विमान सुटले. सरासरी वेळ लागला १७८ सेकंद.

हे ऐकताना मला आमच्या ओळखीचे एक सद्गृहस्थ आठवले. एका सार्वजनिक निधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. पहिल्यांदा त्यांनी रिक्षाचे पैसे त्यातून घेतले, तेही टिपून ठेवून. मग टिपणे राहिले. मग घरातल्या आजारपणात थोडी मोठी रक्कम 'तात्पुरती' घेतली. दहा वर्षांत एकदाही त्यांना आपण वळलो असे वाटले नाही, कारण वळण फार संथ होते. तपासनिसाने वही पुढे ठेवली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते नाटक नव्हते. आपल्यावर अन्याय होतो आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते. विमान सरळ होत होते आणि त्यांना ते कलंडल्यासारखे भासत होते. अशा माणसाला 'मनाला विचार' असे सांगून काय उपयोग? त्याच्या मनाने त्याला केव्हाच निर्दोष ठरवले होते.

मग मनाला बाजूला सारून यंत्राच्या स्वाधीन व्हावे काय? इतके सोपे असते तर प्रश्नच मिटला असता. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. मुख्य वैमानिकापुढचे कृत्रिम क्षितिज बिघडले आणि विमान उजवीकडे कलले आहे असे दाखवू लागले. त्याने विमान डावीकडे झुकवले, आणखी झुकवले. दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. सहवैमानिकापुढे दुसरे कृत्रिम क्षितिज होते. तिसरे, राखीवही होते. तिन्हींचा मेळ घालायला वेळ मात्र उरला नाही.

म्हणून वैमानिकाला एका यंत्रावर नजर खिळवायला शिकवत नाहीत. नजर फिरती ठेवायला शिकवतात. त्यातही एक खुबी आहे. वेग, उंची आणि चढउतार दाखवणाऱ्या तिन्ही तबकड्या बाहेरच्या हवेचा दाब एकाच वाटेने घेतात. ती वाट बुजली की तिन्ही एकदम खोटे बोलतात. १९९६ साली पेरूमध्ये लिमाहून निघालेल्या एका बोइंगच्या त्या छिद्रांवर, विमान धुताना लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. ७० माणसे प्राणांस मुकली. एकाच नळीवरच्या तीन तबकड्या म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत.

आपल्या घरांत नेमके हेच होते. वडिलांच्या मागे भाऊ बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतात. २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी थोरला म्हणतो, "तिला काय कमी आहे?" धाकट्याला तेच वाटते, काकांना तेच वाटते, आईही मान हलवते. इतकी माणसे एक बोलतात म्हणजे ते न्याय्यच असणार, अशी भावाची खात्री पटते. पण ही सगळी माणसे एकाच नळीवर आहेत. वेगळ्या वाटेने हवा घेणारी त्या घरात एकच व्यक्ती असते: ती बहीण. आणि तिलाच कोणी विचारलेले नसते. तिच्यापुढे नुसता कागद आणि पेन सरकवलेले असते.

याचा अर्थ मन टाकून द्यावे असा मी करत नाही. विमानात दिशा दाखवणारी दोन यंत्रे असतात. होकायंत्र उत्तर सोडत नाही, पण विमान वळले की हेलकावते, वाचता येत नाही. दुसरे भोवऱ्याच्या तत्त्वावर चालते. ते स्थिर असते, वळणातही साथ देते, पण कळत-नकळत सरकत जाते. म्हणून दर पंधरा मिनिटांनी विमान सरळ आणि समतल धरून हे दुसरे पहिल्याशी जुळवून घ्यायचे असते. आपले मन हे त्या भोवऱ्यासारखे आहे. ऐन वळणात त्याच्यावाचून चालत नाही, कारण तिथे दुसऱ्याला विचारायला सवड नसते. ते तिथे खरे सांगायचे असेल, तर आधी, सगळे शांत असताना, जुळवलेले असले पाहिजे. संतापलेल्या किंवा लोभावलेल्या माणसाने मन तपासायला बसू नये. त्या वेळी कसलीच सुई स्थिर नसते.

त्याला दिवाळीसारखा मुहूर्त नाही. पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतो, तेव्हा जुनीतली शिल्लक मोजूनच नव्या पानावर मांडतो. आठवणीवर विसंबत नाही. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ज्या घरात तो कागद अजून सहीवाचून पडला असेल, तिथल्या भावाने ओवाळून झाल्यावर बहिणीला जरा बाजूला बोलवावे, तिला काय वाटते ते विचारावे, आणि ती बोलत असताना मधे बोलू नये.