मीटर मालकाचे, धोका भाडेकरूचा

भाड्याने घर घेणाऱ्या माणसाची आपल्याकडे कसून तपासणी होते. आधार, पॅन, नोकरीचे पत्र, गावाकडचा पत्ता, लग्न झाले आहे की नाही, घरात मांस-मच्छी शिजणार का, हे सगळे विचारले जाते. करार नोंदवताना अंगठा आणि फोटो घेतात, पोलीस ठाण्यात माहिती जाते. ज्या घरात तो बायको-मुलांसह अकरा महिने राहणार, त्या घराच्या भिंतीतली वायर किती जुनी आहे, अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोचते का, याची चौकशी मात्र कोणी करत नाही. उलट करारात बहुतेक वेळा एक छापील कलम असते, की फिटिंग, पंखे, गीझर पाहून घेतले आणि सुस्थितीत मिळाले. भाडेकरू त्याखाली सही करतो. त्याने पाहिलेले असते ते इतकेच, की बटण दाबल्यावर दिवा लागतो.

दिवा लागायला दोन वायरी पुरतात. तिसरी, म्हणजे अर्थिंगची वायर, तुटलेली असली तरी फ्रिज थंड करतो, गीझर पाणी तापवतो, कुणाला काही कळत नाही. ती लागते फक्त त्या दिवशी, ज्या दिवशी गीझरच्या आतले इन्सुलेशन जाते आणि त्याच्या पत्र्यात वीज उतरते. जुन्या इमारतींत याहून वाईट प्रकार सापडतो. अर्थिंग नाहीच म्हणून कुणा वायरमनने बोर्डाच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून दिलेली असते. टेस्टरने पाहिले तर सगळे ठीक. पण पुढे कुठे न्यूट्रल सुटली, तर त्या जोडणीमुळे फ्रिजच्या दारावर थेट २३० व्होल्ट येतात. हे काम करणाऱ्याने अडलेल्या माणसाची सोय केली असेल, पण भिंतीत एक सापळा लावून तो निघून गेला, आणि त्यानंतर त्या घरात चार भाडेकरू बदलले.

अनेकांना वाटते, एमसीबी आहे म्हणजे काळजी नाही. एमसीबी वायरचे रक्षण करते, माणसाचे नाही. सोळा अँपिअरची एमसीबी सोळा अँपिअरच्या पुढे गेल्याशिवाय हलत नाही, आणि माणसाच्या छातीतून त्याचा शंभरावा भाग गेला तरी हृदय बंद पडू शकते. माणसासाठी वेगळे यंत्र लागते. आपण त्याला सरसकट ईएलसीबी म्हणतो, आज बाजारात मिळते ती आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती क्षणाच्या अंशात पुरवठा तोडते. केंद्रीय नियमांनी ती ठरावीक भारापुढच्या जोडण्यांना सक्तीची केली आहे. तरीही जुन्या भाड्याच्या घरांत मेन बोर्ड उघडून पाहावा, ती नसण्याचीच शक्यता अधिक.

आणि आग. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत शॉर्टसर्किटचा प्राथमिक अंदाज येतो आणि विषय संपतो. पण नीट बसवलेली एमसीबी शॉर्टसर्किट झाल्या झाल्या पडते. घरे जळतात ती पुष्कळदा त्याआधीच्या हळू प्रक्रियेने. सैल झालेला स्क्रू, ॲल्युमिनियम आणि तांब्याचा कच्चा जोड, महिनोन् महिने तापत राहिलेला सॉकेट. दोन ट्यूबलाइट आणि पंख्यांसाठी ओढलेल्या बारीक वायरवर आज एसी, इंडक्शन आणि वॉशिंग मशीन चालते. एमसीबी सारखी पडते म्हणून भाडेकरू तक्रार करतो. मालक वायरमन पाठवतो, तो सोळाच्या जागी बत्तीसची एमसीबी बसवतो. तक्रार थांबते, कारण आता एमसीबीऐवजी वायर तापणार असते. हे वरून दिसत नाही. ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजले, अर्थचा रोध मोजला, बोर्ड उघडून वायरची जाडी आणि एमसीबीचा आकडा ताडून पाहिला, तरच दिसते. विजेच्या धक्क्याने भारतात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांत शेतातल्या आणि रस्त्यावरच्या तारांचे बळी आहेत, घरातलेही आहेत.

पाच वर्षांनी एकदा प्रत्येक जोडणी तपासावी, ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४६ वा नियम हेच सांगत होता, की पुरवठ्याला जोडलेली प्रत्येक मांडणी जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने तपासली जावी, विद्युत निरीक्षकाकडून किंवा राज्य सरकार सांगेल तसे पुरवठादाराकडून. पुढच्या केंद्रीय नियमांनी कमी दाबाच्या जोडण्यांसाठी मालकाच्या स्वयंप्रमाणनालाही जागा दिली. प्रत्यक्षात घराची तपासणी होते ती एकदाच, नवे मीटर घेताना, परवानाधारक ठेकेदाराच्या चाचणी अहवालापुरती. त्यानंतर मीटर मालकाच्या नावावर तसेच राहते, माणसे बदलत राहतात, आणि माणूस बदलला म्हणून पुन्हा तपासायचे कारण कुणाला पडत नाही. नियम जोडणीशी बांधलेला होता, राहणाऱ्याशी नाही. माझ्या मते सगळी गफलत इथे आहे.

इंग्लंडचा अनुभव मला यासाठीच महत्त्वाचा वाटतो. तिथे गॅसची वार्षिक तपासणी घरमालकांना १९९० च्या दशकापासून बंधनकारक होती, विजेचे मात्र बराच काळ मोघम होते. दुरुस्त ठेवा, एवढेच. २०२० मध्ये खासगी भाड्याच्या घरांसाठी नियम झाले. १ जुलै २०२० पासून नव्या भाडेकरारांना आणि १ एप्रिल २०२१ पासून चालू करारांनाही ते लागू झाले. निदान दर पाच वर्षांनी पात्र व्यक्तीकडून तपासणी करायची, आणि अहवालाची प्रत राहणाऱ्या भाडेकरूला २८ दिवसांत द्यायची. नवा भाडेकरू असेल तर त्याने घरात पाऊल टाकण्याआधी. अहवालात दोषांना संकेत असतात: सी-१ म्हणजे आत्ता या क्षणी धोका, सी-२ म्हणजे होऊ शकणारा धोका, सी-३ म्हणजे सुधारणा सुचवलेली. पहिल्या दोन प्रकारचे दोष २८ दिवसांत किंवा अहवाल सांगेल त्याहून आधी दुरुस्त करावे लागतात. टाळाटाळ केली तर स्थानिक परिषद ३० हजार पौंडांपर्यंत दंड करू शकेल, अशी तरतूद त्या नियमांतच होती. लंडन-लेस्टरमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यालाही हा कागद मागता येतो. त्याचीच बहीण पुण्यात कॉट बेसिसवर राहत असेल तर तिला मागायला कागदच नाही.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये मालकाने घर दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य आहे. पण ते भाडेकरूच्या संदर्भात, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याने भाडेकरू नसतो. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने कामांची वाटणी केली. आतली-बाहेरची वायरिंग ‘गरज पडेल तेव्हा’ मालकाने पाहायची. गीझर, सर्किट ब्रेकर, बटणे आणि सॉकेट यांची दुरुस्ती भाडेकरूने. गरज पडली हे ठरवायचे कुणी आणि कशावरून? तपासणीच नसेल तर गरज कळते ती धक्का बसल्यावर. आणि सर्किट ब्रेकरची दुरुस्ती भाडेकरूवर सोडणे मला सरळ चुकीचे वाटते. ज्या यंत्रावर जीव टांगलेला आहे, ते अकरा महिन्यांच्या पाहुण्याच्या खिशावर आणि त्याला सापडेल त्या वायरमनवर सोडता येत नाही.

मालक म्हणतील, खर्च वाढेल आणि तो भाड्यात येईल. येऊ दे. दोन-तीन तासांच्या तपासणीचा खर्च पाच वर्षांत विभागला तर डिपॉझिटच्या व्याजापुढे तो किरकोळ आहे. मला खरी भीती वेगळी आहे. हा अहवाल गाडीच्या पीयूसीसारखा होईल, गाडी न तपासता मिळणारी चिठ्ठी. ही भीती खोटी नाही. इंग्लंडमध्येही घाईघाईने उरकलेल्या स्वस्त तपासण्यांच्या तक्रारी झाल्या. म्हणून कागदावर ‘सर्व ठीक’ नको, मोजलेले आकडे हवेत. प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रोध, अर्थचा रोध, आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडली, आणि खाली परवाना क्रमांकासह सही. आकडा खोटा लिहिणारा दुसऱ्या मेगरने पकडता येतो. ‘ठीक आहे’ लिहिणाऱ्याला पकडता येत नाही. शिवाय आरसीसीबीवरचे ‘टी’ बटण दाबून ती पडते का, हे भाडेकरूला घर पाहतानाच करून बघता येते. पडली म्हणजे यंत्र जिवंत आहे इतकेच कळते, अर्थिंगचे नाही, पण न पडली तर त्या घराची किल्ली घेऊ नये.

हे अमलात आणायला नवे खाते उभारावे लागत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे आपल्याकडे सक्तीचे आहे आणि ती नोंदणी आता ऑनलाइन होते. पाच वर्षांच्या आतला अहवाल जोडल्याशिवाय करार नोंदला जाणार नाही, आणि त्याची प्रत भाडेकरूच्या नावे निघेल, इतकी अट घालता येते. गृहनिर्माण संस्था अग्निसुरक्षा कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैत प्रमाणपत्र देतातच. ते इमारतीच्या अग्निशमन यंत्रणेचे असते, सदनिकेच्या भिंतीतल्या वायरपर्यंत जात नाही. पण प्रमाणपत्र मागण्याची सवय तरी संस्थांना आहे.

नोंदणीच्या बाहेर राहणारे मात्र यातून सुटतील. चाळीतली पोटभाड्याची खोली, झोपडपट्टीत एका मीटरवरून चार घरांना दिलेली वायर, कामगारांच्या खोल्या. तिथे करारच नाही, आणि धोका सर्वांत जास्त तिथेच आहे. त्यांच्यासाठी १९५६ च्या नियमातली दुसरी वाट पुन्हा धरावी लागेल, पुरवठादाराने स्वतः तपासण्याची. बिल भरले नाही तर कंपनीचा माणूस त्या खोल्यांपर्यंत पोचतो. मेगर घेऊनही तो तिथे पोचू शकतो, फक्त तपासणीत सापडलेल्या दोषासाठी राहणाऱ्याची वीज तोडायची नाही, दुरुस्तीची नोटीस भाडे घेणाऱ्याच्या नावे काढायची, एवढे नियमात आधी लिहावे लागेल.