विचारले जाण्याचा हक्क

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे कुलदैवत गोमंतकात आहे. महाजन आणि नुसता कुळावी यांतील भेद त्यांना समजावून सांगण्याचे कारण नाही. १९३३ च्या नियमावलीप्रमाणे देवस्थानच्या कारभारात मत असते ते महाजनांना. इतर भाविक नवस बोलतात, पालखीला खांदा देतात, पदरचे द्रव्य वाहतात. महाजनांच्या सभेत मात्र त्यांची गणना होत नाही. हे योग्य की अयोग्य हा वाद आज नको. राज्यकारभारातही असे कुळावी असतात, एवढेच येथे सांगावयाचे आहे. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील सुमारे सात लाख रहिवासी केंद्राचे सर्व कर भरतात. १९६१ च्या घटनादुरुस्तीने त्यांना अध्यक्षाच्या निवडणुकीत मत मिळाले, परंतु सीनेटमध्ये त्यांचा कोणीही नाही, आणि प्रतिनिधिगृहात बसणाऱ्या त्यांच्या प्रतिनिधीस कायदे संमत करताना मत नाही. स्वतंत्र राज्य हवे, असा कौल त्यांनी २०१६ साली प्रचंड बहुमताने दिला. राज्य अद्याप मिळालेले नाही. आमच्या दिल्लीला १९९१ च्या घटनादुरुस्तीने विधानसभा मिळाली खरी, पण पोलीस, सुव्यवस्था आणि जमीन हे विषय केंद्राने स्वतःकडेच ठेवले.

बेळगाव-निपाणीच्या रहिवाशाची गोष्ट निराळी. तो पुरता महाजन आहे. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत त्याला मत आहे. २०१२ पासून तर विधानमंडळाचे अधिवेशन भरावे म्हणून बेळगावातच सुवर्ण विधानसौध उभे आहे. असे असूनही एक प्रश्न त्याला कोणी कधी विचारला नाही: तुला कोणत्या राज्यात राहावयाचे आहे? १ नोव्हेंबर १९५६ रोजी, चंदगड तालुका वगळून, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. घर तेच, दार तेच, विहीर तीच. कचेरीची भाषा बदलली.

कायदा म्हणेल की विचारण्याची आवश्यकताच नव्हती, आणि कायद्यापुरते ते खरे आहे. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. राष्ट्रपतींनी संबंधित विधिमंडळाचे मत मागवावयाचे. ते संसदेवर बंधनकारक नाही. किंबहुना विधेयकात पुढे मोठा बदल झाला तरी मत पुन्हा मागवावयास नको, असे सर्वोच्च न्यायालयाने बाबुलाल पराते यांच्या १९५९ च्या खटल्यात याच पुनर्रचना कायद्याच्या संदर्भात ठरविले. सीमेवरच्या माणसाचे मत तर या मागवामागवीत कोठेच येत नाही. आज बेळगाव जिल्ह्याचे अठराही आमदार एकमुखाने बोलले, तरी दोनशे चोवीसांच्या सभेत ते अठराच. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तेव्हा कर्नाटक सरकारने ती महापालिकाच बरखास्त केली.

संसदेचा हा अधिकार आम्हांस अमान्य नाही. प्रत्येक गाव दर पाच वर्षांनी आपले राज्य निवडू लागले, तर एकही राज्य उभे राहावयाचे नाही. परंतु निर्णय घेण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याला विचारण्याच्या कर्तव्यातून सुटका मिळते, असे मात्र आम्ही मानीत नाही. घरातील कर्ता पुरुष मुलीचे लग्न ठरवितो तेव्हाही तिला विचारतो. निदान विचारावे असे आज आपण सर्वजण म्हणतो.

लोकांना विचारण्याऐवजी आजवर काय केले गेले? लोकांची भाषा मोजली गेली. खेडे हा घटक, भाषकांचे बहुमत आणि भौगोलिक सलगता ही महाराष्ट्राची मागणी. मोजणीसाठी १९५१ ची जनगणना. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने निवेदने घेतली, साक्षी ऐकल्या, आणि १९६७ साली निपाणी, खानापुरासह २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे म्हैसूरला व बेळगाव शहर म्हैसूरकडेच, असा निवाडा दिला. महाराष्ट्राने तो नाकारला. मतपेटी कोणीच ठेवली नाही. आणि भाषा मोजावयाची तरी कशी? आमच्या समाजात घरी कोंकणी, कीर्तनात व पत्रव्यवहारात मराठी, बाजारात कन्नड बोलणारी कुटुंबे काय थोडी आहेत? शिरगणतीचा कारकून मातृभाषा म्हणून एकच नाव लिहून घेतो. तेवढ्यावरून त्या घराची इच्छा कशी काढावी, हे आम्हांस कधी उमगलेले नाही. पंढरीच्या विठ्ठलास संतांनीच कानडा म्हटले आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापूर-सांगलीकडून गाड्या भरभरून लोक जातात. त्यांना कोणत्या रकान्यात घालावयाचे?

इच्छा एकदा खरोखरच विचारली गेली ती येथून जवळच. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात, दमण-दीवसह, जनमत कौल झाला. विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. ज्या घरांत मराठी ग्रंथांची पारायणे होत, त्यांतल्याही पुष्कळांनी पानांवर शिक्का मारला. भाषा आणि इच्छा या दोन वस्तू आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून आधी सत्ता सोडली होती. ते हरले, काही आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत लोकांनी त्यांच्याच पक्षाला पुन्हा निवडून दिले, आणि त्यांनी विलीनीकरण झाले नाही तरी गोव्याचा कारभार केला. देवाला कौल लावणारा, पाकळी उजवीकडे पडली तर मानीन आणि डावीकडे पडली तर पुजारी बदलीन, असे म्हणत नाही.

हे आम्ही मराठी बाजूस मुद्दाम ऐकवितो, कारण ती आमची बाजू आहे. समितीचे उमेदवार निवडून येत, तेव्हा आपण त्याला कौल म्हटले. २०१८ आणि २०२३ मध्ये तिचा एकही आमदार आला नाही, तेव्हा समोरच्यांनी त्याला कौल म्हटले. दोघांचेही चुकते. रस्ता, पाणी, जात आणि उमेदवाराचा स्वभाव पाहून दिलेले मत हे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. ‘आम्हांला विचारा’ असे म्हणणाऱ्याने ‘येथेच राहू’ हे उत्तरही ऐकण्याची तयारी ठेविली पाहिजे. ती आपल्या सभांतून आम्हांस क्वचितच दिसते.

महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. न्यायालय घटना पाहील, कायदा पाहील. लोकांना विचारणे हे त्याचे काम नव्हे. ते काम संसदेने उद्या हाती घेतले, तर पहिली अडचण यादीची येईल. गोव्याबाहेर पोटासाठी राहणाऱ्या गोमंतकीयांना १९६७ च्या कौलात मत नव्हते. मग पुण्यास गेलेल्या बेळगावकरास ते द्यावयाचे काय? शहराचा कौल एक धरावयाचा, की प्रत्येक वॉर्डाचा वेगळा? निपाणीने एक म्हटले आणि तिच्या शेजारच्या खेड्याने दुसरे, तर रेघ कोठून ओढावी? आणि तीन पिढ्या बेळगावात दुकान चालविणारे कन्नड कुटुंब बहुमताने महाराष्ट्रात गेले, तर १९५६ साली आपल्याला जे झाले तेच त्याला होईल. त्याच्या शाळेची, त्याच्या कचेरीतील अर्जाच्या भाषेची हमी कौलापूर्वी कोण लिहून देणार?