कर्ता एक की अनेक?

ठाण्यातल्या बाळकुमपासून वागळे इस्टेट फार लांब नाही. 1962 साली एमआयडीसीच्या कारभाराला जिथून सुरुवात झाली, ती ही औद्योगिक वसाहत. तिथल्या लेथवर ठाण्यातल्या एका पिढीची घरं चालली. लेथचं शास्त्र सरळ असतं: लोखंडाचा दांडा घ्यायचा, नको तेवढं कापून काढायचं, उरतो तो जॉब. आता याच शहरातली अभियांत्रिकीची मुलं नेमकं उलटं शास्त्र शिकतात, थ्रीडी प्रिंटिंगचं. संगणकावर आकार काढायचा, स्लायसर नावाच्या सॉफ्टवेअरने त्याचे आडवे काप करायचे, यंत्रात धातूची पावडर पसरून लेसरने पहिल्या कापापुरतीच वितळवायची. मग पुन्हा पावडर, पुन्हा लेसर. एक थर साधारण 30 ते 60 मायक्रॉनचा. असे शेकडो-हजारो थर बसले की पावडर झटकून वस्तू बाहेर काढायची.

वरकरणी हा कारखान्यातला बदल. पण भारतीय दर्शनं शतकानुशतकं ज्या प्रश्नावर भांडली, तोच त्यातून पुन्हा वर येतो. वस्तू तिच्या कारणात आधीपासून दडलेली असते, की नव्याने जन्माला येते?

सांख्य म्हणतात, असते. तिळात तेल असतं म्हणूनच ते निघतं. वाळू कितीही रगडली तरी निघत नाही. लेथवरचा कारागीर बहुधा सांख्यांच्या बाजूने उभा राहील, कारण त्याचा जॉब दांड्यात होताच, त्याने फक्त आवरण दूर केलं. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, अशा जोडणीतून जग उभं राहतं आणि प्रत्येक टप्प्यावर आधी नसलेली वस्तू निर्माण होते, असा त्यांचा आरंभवाद. थर लावून वस्तू उभारणाऱ्या यंत्राला याहून जवळचं तत्त्वज्ञान सापडणं कठीण.

इस्रोचं एक उदाहरण घ्या. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन पूर्वी 14 सुटे भाग जोडून बनायचं. नव्या रचनेत ते सलग एकाच तुकड्यात छापलं गेलं. वेल्डिंगचे 19 सांधे गेले. पूर्वी एका इंजिनामागे 565 किलो फोर्जिंग आणि पत्रा लागायचा, आता 13.7 किलो पावडर पुरते. मे 2024 मध्ये महेंद्रगिरीच्या चाचणीत हे इंजिन 665 सेकंद चाललं. आता ते पावडरीत 'आधीपासून होतं' असं कोण म्हणेल? सांख्यांकडे उत्तर आहे: शक्तिरूपाने होतं, नाहीतर कोणत्याही भुकटीचं रॉकेट इंजिन झालं असतं. उत्तर तसं कच्चं नाही. पवईच्या आयआयटीत प्रा. के. पी. करुणाकरन यांनी विकसित केलेली संकरित पद्धत तर दोन्ही पक्षांना थोडं थोडं देते: वेल्डिंगने धातूचे थर चढवायचे आणि मग मिलिंगने जादाचं कापून काढायचं.

नैयायिकांचं खरं देणं मात्र वेगळ्या जागी आहे. ते तीन कारणं मानतात. वस्त्राचं समवायी कारण धागे, निमित्त कारण विणकर आणि त्याचा माग. या दोन्हींच्या मध्ये तिसरं, असमवायी कारण: धाग्यांचा परस्परांशी झालेला संयोग. शिकताना हे तिसरं कारण अनेकदा तांत्रिक किरकिर वाटतं. थ्रीडी प्रिंटिंगच्या प्रयोगशाळेत त्याची किंमत कळते. पावडर तीच, फाइल तीच, यंत्र तेच. लेसरची शक्ती किंवा वेग बदलला की भाग बदलतो. ऊर्जा कमी पडली तर थर एकमेकांत पुरते मुरत नाहीत आणि मध्ये पोकळ्या राहतात. जास्त झाली तर धातू खोलवर उकळून वेगळ्याच प्रकारची छिद्रं पडतात. प्लास्टिकचा छापील भाग उभ्या दिशेने ओढला तर थरांच्या सांध्यातच आधी तुटतो. या विषयाच्या अभ्यासाचा मोठा हिस्सा संयोग कसा घडतो यावरच खर्च होतो.

धार्मिक प्रश्न निमित्त कारणाशी येतो. ज्याला उपादानाचं, म्हणजे वस्तू ज्यातून घडते त्या द्रव्याचं, प्रत्यक्ष ज्ञान आहे, करण्याची इच्छा आहे आणि जो प्रयत्न करतो तो कर्ता, अशी न्यायाची व्याख्या. कुंभारात तिन्ही गोष्टी एकत्र असतात. त्याच आधारावर उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त युक्तिवाद मांडला की जग हेही घटासारखं कार्य आहे, म्हणून त्यालाही कर्ता हवा. तो ईश्वर.

प्रिंटरपाशी हा कुंभार विभागला जातो. ज्याला इंजिन हवं आहे, त्याने पावडर कदाचित हातातही घेतलेली नसते. पावडर ओळखणाऱ्याला आकार का तसा आहे याची कल्पना नसते. वजन कमी करताना कुठे धातू ठेवायचा हे कधी कधी सॉफ्टवेअर सुचवतं. आणि रात्रभर श्रम करणाऱ्या यंत्राला इच्छा नसते. कार्य तर समोर आहे, मग कर्ता कुठे बोट ठेवून दाखवायचा?

ही शंका नवी नाही. उदयनांच्या आधी, आठव्या शतकात, बौद्ध आचार्य शांतरक्षितांनी 'तत्त्वसंग्रहा'त ती घेतली होती. प्रासाद, जिने, गोपुरं यांच्या मागे एक नव्हे तर अनेक कर्ते असतात. मग जगामागे एकच सर्वज्ञ कसा सिद्ध होणार? कोलशेत-बाळकुमच्या रस्त्यावरच्या कोणत्याही बहुमजली इमारतीला ही शंका आजही लागू पडते. नैयायिक यावर दोन गोष्टी सांगतात. कुऱ्हाड आपणहून चालत नाही, जडाला चेतन अधिष्ठाता लागतो. प्रिंटरचंही बटण कुणीतरी दाबलेलंच असतं. शिवाय एकाने काम भागत असताना अनेक मानणं हे कल्पनेचं गौरव, म्हणजे विनाकारण वाढवलेला पसारा.

पहिलं उत्तर टिकतं. दुसऱ्याला मात्र विमान उद्योगातून पुरावा मिळत नाही. उडणाऱ्या भागाला मान्यता मिळवायची तर पावडरीचा लॉट, यंत्र, ठरवलेली मापं, छपाईनंतरची उष्णता-प्रक्रिया आणि तपासणी यांची नोंद ठेवावी लागते. भागाला तडा गेला की चौकशी या प्रत्येक नोंदीपाशी थांबत जाते. एकाच माणसाकडे ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न या तिन्ही गोष्टी सापडतील अशी अपेक्षा तिथे कुणी ठेवत नाही. ईश्वर मानणाऱ्याला यातून 'नाही' असं उत्तर मिळत नाही. पण घटावरून ईश्वराकडे जायचं असेल, तर आता आधी कुंभार एकच असतो हे वेगळं सिद्ध करावं लागेल.