आम्हाला विचारले कुणी?

३० मार्च २०२० ची संध्याकाळ मला नीट आठवते. टाळेबंदीचा तो सहावा दिवस. जुहूच्या आमच्या गल्लीत मगरिबच्या अजाननंतर एरवी चालायला वाट नसते. त्या दिवशी कुत्रीसुद्धा दिसत नव्हती. शेजारच्या खाला मोबाईल घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ''टीचर, ये जरा पढ़ के बताओ.'' मी उर्दू शाळेत शिकवते, पण बी.एड. झालेली आणि मराठी जाणणारी म्हणून पालिकेचा कुठलाही कागद गल्लीत आला की तो माझ्याकडेच येतो. त्या दिवशी आलेला कागद मुंबई महापालिकेच्या आयुक्तांच्या परिपत्रकाचा होता. कोरोनाने दगावलेल्या व्यक्तीचे, मग तिचा धर्म कोणताही असो, दहनच केले जाईल, दफन करता येणार नाही, असा त्याचा आशय होता.

मी वाचून अर्थ सांगितला. खाला काही बोलल्या नाहीत. त्यांचे पती हृदयरोगी होते. थोड्या वेळाने त्यांनी एवढेच विचारले, ''हम से किसी ने पूछा था क्या?''

तत्कालीन अल्पसंख्याक विकास मंत्री नवाब मलिक यांनी हरकत घेतल्यावर काही तासांतच हा आदेश मागे घेतला गेला. सुधारित परिपत्रकात पुरेशी मोठी जागा असलेल्या कब्रस्तानांत दफनाला मुभा मिळाली. चूक लवकर दुरुस्त झाली याचे श्रेय दिलेच पाहिजे. श्रीलंकेत अशीच सक्ती २०२० च्या एप्रिलमध्ये झाली आणि ती उठायला २०२१ चा फेब्रुवारी उजाडला. तेथील सरकारने माफी मागायचे ठरवले ते थेट जुलै २०२४ मध्ये. त्या मानाने आपण सुदैवी. पण आदेश गेला तरी खालांचा प्रश्न गेला नाही. गेली काही वर्षे तो माझ्या मनात घर करून आहे. संकटकाळात राज्यकर्त्याने लोकांना विचारण्याचे बंधन उरते का?

एक उत्तर तयारच असते : घराला आग लागली असताना सभा भरवत नाहीत. हे उत्तर मी हलके मानत नाही. त्या दिवसांत अधिकाऱ्यांनी रात्रीचा दिवस केला, सफाई कामगारांनी जीव धोक्यात घातला. पण विचारणे म्हणजे केवळ मान देणे नव्हे. विचारल्याने माहिती मिळते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजीच्या सूचनांत दफनाला मनाई केली नव्हती. रोगाने मेलेल्याचे दहनच केले पाहिजे हा समज खरा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २४ मार्चला सांगितले होते. एखाद्या कब्रस्तानाच्या विश्वस्ताला, एखाद्या डॉक्टरला आदल्या दिवशी फोन केला असता तर हे दोन्ही कागद टेबलावर आले असते. घाईत मशवरा टाळला की वेळ वाचतो असे वाटते. पुढे दुरुस्तीत तो दुप्पट जातो.

शाळेत मुलांना मी हजरत उमर (रजि.) यांचा एक प्रसंग सांगते. शामकडे जाताना सर्ग येथे त्यांना पुढे ताऊनची साथ असल्याचे कळले. ते खलिफा होते, हुकूम देऊ शकत होते. पण त्यांनी आधी मुहाजिरांना बोलावले. त्यांच्यात मतभेद झाले. मग अन्सारांना बोलावले. तेथेही तेच. मग कुरैशमधील वडीलधाऱ्यांना विचारले, आणि त्यांनी एकमताने परत फिरण्याचा सल्ला दिला. निर्णय जाहीर झाल्यावर हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी तोंडावर हरकत घेतली : अल्लाहच्या तकदीरपासून पळता? खलिफांनी त्यांना गप्प केले नाही, दाखला देऊन समजावले. साथ दाराशी असताना तीन वेळा मसलत आणि नंतर उघड हरकत, एवढ्याला त्यांच्याकडे वेळ होता. शूरा हे कुरआनातील एका सूरेचे नाव आहे हे आपण अभिमानाने सांगतो. ती केवळ शांततेच्या काळासाठी आहे असे कुठे म्हटले आहे?

न विचारण्याची किंमत या शहराने पूर्वीही मोजली आहे. १८९७ चा साथरोग कायदा प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केला. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने तोच लागू केला. त्या काळी पुण्यात सोल्जर घराघरांत घुसले आणि रँडच्या खुनापर्यंत गोष्ट गेली. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात प्लेगच्या संशयावरून एका मुलीला घरातून न्यायला पथक आले, तेव्हा मोमिन विणकरांचा मोहल्ला उसळला, दंगल झाली, माणसे मेली. ते सगळे औषधाचे वैरी होते काय? आपल्या लेकीबाळींना कोण, कुठे, कसे नेणार हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

येथपर्यंत लिहिणे सोपे आहे, कारण बोट दुसऱ्याकडे आहे. आता ते आपल्याकडे वळवायला हवे.

२०२० च्या एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे पालिकेने दफनाला मुभा दिल्यानंतर, मालवणीतील एका मुस्लिम मय्यतीला तेथील कब्रस्तानात जागा नाकारली गेली आणि शेवटी तिचे दहन करावे लागले, अशी बातमी आली. या वेळी दरवाजा सरकारने बंद केला नव्हता. आमच्याच माणसांनी भीतीपोटी केला होता. त्यांनी त्या घराला विचारले होते का? वांद्र्यात तर कब्रस्तानाशेजारचे काही रहिवासी दफनाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. त्यांची भीतीही खोटी नव्हती, माहिती अपुरी होती. न्यायालयाने त्यांचे म्हणणे ऐकले, दफनाची बाजूही ऐकली, आणि २२ मे २०२० रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती एस. एस. शिंदे यांनी याचिका फेटाळली. सन्मानाने अखेरचा निरोप मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यांनी मानले. म्हणजे ऐन टाळेबंदीतही ऐकून घेणे शक्य होते.

आमच्या जुहूच्या कब्रस्तानाचेच घ्या. मोहम्मद रफी, मधुबाला यांच्या कबरींची बांधकामे २०१० मध्ये जागेअभावी काढली गेली तेव्हा सगळे हळहळले. पुढे २०१५ मध्ये पालिकेने शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला, हरकती-सूचना मागवल्या. टीका इतकी झाली की मसुदा नव्याने करावा लागला. बोललेल्यांचे ऐकले गेले. आपल्या मोहल्ल्यातून कब्रस्तानाच्या जागेसाठी कितीजण बोलले? मी तर नव्हते. ट्रस्टच्या बैठकींत बायकांना कुणी बोलावत नाही, हे खरे. पण हरकतीच्या अर्जावर बाई की पुरुष असे कुणी अडवत नव्हते.

आता माझी स्वतःची गोष्ट. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. माझ्या वाट्याला काही गल्ल्या आल्या. ताप किती, ऑक्सिजन किती, साखर आहे का, रक्तदाब आहे का. एका दारात एक बाई सगळी उत्तरे देऊन म्हणाल्या, ''सब तुमीच पूछोगे? हम भी कुछ बोलें?'' गल्ली बांबू लावून बंद केली होती आणि नेमकी सार्वजनिक शौचालयाची वाट त्यात अडकली होती. रात्री बायकामुलींना लांबून वळसा घालून जावे लागे. एक बांबू हलवला तरी काम भागले असते. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले, ''वर सांगते'' म्हणाले. संध्याकाळी घरांचा आकडा द्यायचा होता, तो दिला. मागचे पान तसेच राहिले.

परिपत्रक काढणाऱ्या साहेबांवर मी रागावले होते. पण त्या दारात महापालिका मीच होते. मलाही घाई होती, मलाही तक्ता भरायचा होता, आणि मीही फक्त माझेच प्रश्न विचारले. अधिकार थोडा असो की फार, त्याची खोड एकच. समोरच्याकडून उत्तर घ्यायचे, त्याचे म्हणणे घ्यायचे नाही. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाच्या लसीसाठी मोबाईलवर नोंदणी सक्तीची झाली तेव्हा स्मार्टफोन नसलेल्यांचे काय, असे सर्वोच्च न्यायालयाला त्याच महिन्याच्या अखेरीस विचारावे लागले. ती खोडही तीच.

वाचकहो, सेवा मिळणे आणि विचारले जाणे या दोन गोष्टी आहेत. रेशन, लस, खाट मिळाली की आपण उपकृत होतो; पण उपकृत माणूस नागरिक झालाच असे नाही. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत जवळजवळ चार वर्षे मुंबईत नगरसेवकच नव्हता. नळाला पाणी येत राहिले, कचरा उचलला जात राहिला. आपल्यापैकी कितीजणांना काही कमी पडल्यासारखे वाटले? मला भीती वाटते ती या सवयीची.

ती वही मला दोन वर्षांनी सापडली. त्या बाईंना शोधून मी माफी मागितली. त्या हसल्या, म्हणाल्या, ''टीचर, अब तो रास्ता खुल गया.'' त्यांच्या हसण्याने माझे ओझे काही उतरले नाही. आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया. पूर्वी बैठकीत मी परिपत्रके वाचून दाखवायची आणि त्या सह्या करून जायच्या. आता आधी त्या बोलतात, परिपत्रक नंतर. बैठक लांबते, चहा दोनदा करावा लागतो. मागच्या पानावरचे आता पहिल्या पानावर लिहिते, आणि त्याचे काय झाले हे पुढच्या बैठकीत मला सांगावे लागते.